नोंद ठेवत नाही

'आम्ही तुमची कसलीही नोंद ठेवत नाही'
हे मी अण्णांना स्क्रीनवरून वाचून दाखवलं.
चष्मा कपाळावर, मांडीवर येवल्याची वही.
म्हणाले, धंदा नवा दिसतो.

आमचं पोट पाच पिढ्या नोंदीवरच चाललं.
रामकुंडावर कोण उतरलं, कुणाच्या अस्थी,
बरोबर कोण, कुठल्या तिथीला,
खाली सही, नाहीतर अंगठा.
कागद जुन्नरी. आता कसर लागलेली.

म्हणून पंचवटी कारंज्यावरून जुना स्कॅनर आणला.
वाचणार श्रीरंग, रॉटरडॅमला बसून,
मोडी त्यालाच येते, मला घोटवली ती राहिली नाही.
एकेक वही नऊ जीबी, मेलमध्ये मावेना.
तेव्हा टॉरेंट.
आणि टॉरेंटवर पांघरूण म्हणून व्हीपीएन,
फुकटातलं, कोपऱ्यात हिरवं कुलूप.

मधे कोण बघतं?
कुणी नाही अण्णा. बोगदा असतो,
आतून काय जातं ते केबलवाल्याला दिसत नाही.
बोगदा कुणाचा?
मी कंपनीचं नाव सांगितलं. पत्ता कुठल्याशा बेटावरचा,
पोस्टाची नुसती पेटी.
अण्णा म्हणाले, नाशिकरोडहून टांगे यायचे.
बाई असेल तर पडदे सोडायचे.
रस्त्याला दिसायचं नाही आत कोण आहे.
टांगेवाल्याला दिसायचं.
मग थोड्या वेळानं,
पान उलटता उलटता:
आणि फुकट नेतो म्हणतोस, तर त्याच्या घोड्याला चारा कोण घालतं?

मी हसलो. चिकटवलं आणि झोपलो.

रात्री कधीतरी लाइट गेली, आली.
राउटर उठला, फाईल उठली,
कुलूप उठलं नाही.
तार तुटली की नळ बंद करणारं एक बटण असतं,
ते पैसेवाल्यांना देतात.
पाणी प्यायला उठलो तेव्हा साडेतीन.
यादीत श्रीरंगचा आकडा. ठीक.
त्याच्याखाली आणखी एक.
बारा टक्के घेऊन बसलेला,
आणि आमचा आकडा त्याच्यासमोर उघडा,
नाशिक, पंचवटी, दारावर नावाची पाटी असल्यासारखा.

वायर उपटली. उपटून काय?

अण्णा घाटावरून आले, पंचा पिळत.
सांगितलं.
कोणती वही?
येवल्याची.
पंचा दोरीवर टाकला, कडा जुळवल्या,
पुन्हा जुळवल्या.
शके अठराशे शहाण्णवचं पान होतं तिच्यात.
एका पैठणीवाल्यानं दोन बायकांची नावं मोठ्यानं सांगितली,
तिसरं कानात.
आजोबांनी तिन्ही लिहून घेतली.
त्याचे नातू येतात अजून. चांगले लोक आहेत.

तेव्हा आठवलं, अण्णा वही कशी दाखवतात.
माणूस येतो. गाव विचारतात, कूळ, मग पणजोबाचं नाव.
अडखळला तर चहा देऊन परत पाठवतात.
बरोबर सांगितलं तर एकच पान उघडतात,
आणि वरच्या अर्ध्यावर तळहात ठेवतात.
हा तळहात मी स्कॅन केला नव्हता.

आता फाईल आधी कुलपात घालतो, मग पाठवतो.
किल्ली श्रीरंगला फोनवर सांगितली,
दोघांनाच माहीत असलेला शब्द,
लहानपणी बापूंच्या बकरीला ठेवलेलं नाव.
(इथे लिहीत नाही.)
व्हीपीएन पैशाचं घेतलं. तेही म्हणतं, नोंद ठेवत नाही.
असेल. त्याची वही कुणी पाहिली?

आणि ते बारा टक्के.
टॉरेंट पान पहिलं, पान दुसरं असं नेत नाही,
तुकडे नेतं, हाती लागतील तसे.
कुणाकडे तरी, कुठे तरी,
एका तिथीचा शेवट आहे, अर्धं आडनाव,
आणि बहुतेक
एक अंगठा, ज्याच्यावर
नाव आलेलं नाही.